दवाखान्यापासून गेटपर्यंत

“हे यंत्र कुणाच्या यादीत आहे?” मी विचारलं.

कारखान्याच्या दवाखान्यात, सिस्टरांच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर घरघरत होता. त्याच्यावर भरतकाम केलेला पांढरा रुमाल, रुमालावर कापसाची बरणी.

“माझ्या,” एस्तेर सिस्टर म्हणाल्या.

दारात उभा असलेला निवास जगदाळे हसला. “मॅडम कंपनीच्या यादीचं विचारतायत, सिस्टर.”

“कंपनीच्या यादीत माझ्या फिनेलच्या बाटल्या आहेत. हे आजवर कुणी विचारलंच नाही.”

मी गुडघ्यांवर बसून मागच्या वायरी पाहिल्या. विजेची एक, पडद्याची एक. बाहेर जाणारी एकही नव्हती. वहीत मी एक चौकोन काढला, त्यात ‘दवाखाना’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. निवासनं खिशातून खडू काढला आणि यंत्राच्या कडेवर आकडा लिहिला, सत्तेचाळीस.

दोन हजार एक सालचा नोव्हेंबर होता. मी अठ्ठावीस वर्षांची, पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला. हा ओतकामाचा कारखाना कराडच्या पुढे, नदीपलीकडे. ट्रॅक्टरच्या इंजिनांचे भाग तिथे ओतले जात. मालकांनी आपल्या चारही कारखान्यांतले कॉम्प्युटर बंद करून सगळं काम पुण्याच्या मुख्य कचेरीतल्या एका थंड खोलीत न्यायचं ठरवलं होतं. त्याआधी आत्ता काय कुठे चालतंय हे कुणीतरी सांगायला हवं होतं. ते माझं काम. आमच्या धंद्यात त्याला डिप्लॉयमेंट मॉडेल म्हणतात. निवास नकाशा म्हणायचा, मग मीही नकाशाच म्हणू लागले. मोठा चौकोन म्हणजे इमारत. त्याच्या आतला यंत्र. त्याच्याही आतला म्हणजे त्या यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम. आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याकडून काही लागत असेल तर दोघांमध्ये रेघ.

नियम सोपा होता. ज्याला रेघ आहे ते पुण्याला जाणार. ज्याला रेघ नाही त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही असं धरायचं आणि ते बंद करायचं. हा नियम आमच्या कंपनीसाठी मीच लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

निवास कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होता. तेहतीस-चौतीसचा असेल. मला वाट दाखवायला म्हणून त्याला दिलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून मी विचारायची ते प्रश्न तोच आधी सांगू लागला. “या मशीनच्या पंख्याचा आवाज ऐका. घासतोय. पंधरा दिवसांत बसणार.” “ह्या प्रोग्रॅमला स्टोअरचे आकडे लागतात, पण महिन्यातून एकदाच, म्हणून रेघ तुटक काढा.” मी याआधी सहा कारखान्यांचे नकाशे केले होते. सगळीकडे लोक मला यंत्रं दाखवायचे. हा त्या यंत्रांपुढे बसणारी माणसं दाखवायचा. टाइम ऑफिसातले पवार डाव्या डोळ्यानं अधू, म्हणून त्यांच्या पडद्यावरची अक्षरं मोठी. मालाच्या वजनकाट्यापाशी बसणाऱ्या शकीलभाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून निवासनं त्यांच्यासाठी बटणांवर चित्रं चिकटवलेली.

ओतशाळेतून जाताना काळी वाळू सगळीकडे बसायची. कपड्यांवर, केसांत, माझ्या वहीच्या पानांवर. मी ती हातानं झटकायला गेले की शाई फासली जायची. निवास म्हणायचा, “थांबा,” आणि वही हातात घेऊन, मान वाकवून हलकीशी फुंकर मारायचा. वाळू उडायची, रेघ तशीच राहायची. सहाव्या-सातव्या दिवसापासून मी वाळू झटकायचं सोडूनच दिलं. तो फुंकर मारेपर्यंत थांबायचे.

याला मी त्या वेळी काही नाव दिलं नव्हतं.

आठव्या दिवशी पहिला मसुदा तयार झाला. मी तो कारखान्याचे प्रमुख देशिंगकर साहेबांकडे आणि पुण्याला माझे वरिष्ठ मुजुमदार यांच्याकडे पाठवला. दवाखान्याच्या चौकोनावर मी लाल फुली मारली होती. रेघ नाही, म्हणून बंद.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत निवास मसुदा घेऊन आला. कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला. ताटाला हात लावला नाही.

“सत्तेचाळीस नंबर बंद करायचं म्हणता?”

“त्याच्याशी कुणीच जोडलेलं नाही. सिस्टरांना वहीत लिहिता येईल.”

“वह्या होत्या. पावसाचं पाणी आलं त्या वर्षी रद्दीत घातल्या. आता जे आहे ते त्या मशीनवर आहे.” तो थोडा पुढे झुकला. “तुम्ही आत काय आहे ते बघितलं का?”

मी बघितलं नव्हतं. यंत्रात काय चालतं ते मी लिहायची. त्यात काय साठलंय हे पाहणं माझ्या कामात येत नव्हतं.

त्यानं मला परत दवाखान्यात नेलं. सिस्टर जेवायला गेल्या होत्या. त्यानं एका कामगाराचं नाव उघडलं. घासणी विभागात, दिवसभर धुळीत काम करणारा माणूस. कारखान्यात दरवर्षी प्रत्येकाला एका नळीत जोरानं फुंकायला लावत, आणि एका दमात किती हवा बाहेर पडली तो आकडा सिस्टर टिपून ठेवत. पडद्यावर पंधरा वर्षांचे आकडे एकाखाली एक होते. पहिला चार लिटर. मग तीन पूर्णांक आठ. तीन पूर्णांक एक. शेवटचा दोनच्याही खाली.

“असे किती आहेत?”

“नऊशे माणसं आहेत यात. असे किती, ते कुणी मोजलं नाही अजून. सिस्टर दरवर्षी वरती चिठ्ठी पाठवतात.”

“मग फ्लॉपीवर काढून ठेवा ना.”

“काढलीय. पण माझ्या कपाटातल्या फ्लॉपीला कोण विचारतंय, मॅडम? उद्या डॉक्टर म्हणतील, सरकारी माणूस म्हणेल, हे जगदाळेनं घरी बसून टाइप केलं. कंपनीच्या यंत्रणेत असेल तरच ती कंपनीची नोंद.” मग तो म्हणाला, “एक रेघ ओढा की. इथनं गेटपर्यंत.”

“कसली रेघ?”

“काहीही. ओढली की ते पुण्याला जाणार. तुमचाच नियम आहे.”

“जगदाळे, जे आहे तेच मी काढते. नसलेली रेघ एकदा काढली की मग त्या नकाशाला अर्थ उरत नाही.”

मी हे जरा तोऱ्यातच म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला नव्हता. उलट मी काहीतरी पटण्यासारखं बोलले असावे असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला आणि गेला.

पुढचे दोन दिवस तो माझ्याबरोबर फिरला नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस आला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या वहीवर वाळू साठत राहिली.

गुरुवारी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असायची. मी पाहुण्यांच्या बंगल्यावर एकटी होते. दहाच्या सुमारास चहा घेताना कारखान्याच्या बाजूनं हातोडीचा आवाज येऊ लागला. थोडा वेळ मी ऐकत राहिले, मग चपला घालून निघाले. फक्त बघायला, असं मी मनाशी म्हणत होते.

दवाखाना आणि गेटवरचं, हजेरीचं टाइम ऑफिस यांच्यामध्ये सायकलींसाठी पत्र्याची लांबलचक शेड होती. निवास शिडीवर चढून पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीला केबल बांधत होता. खाली केबलचं भेंडोळं पडलं होतं आणि ते दर दोन हातांवर अडकत होतं.

“हे काय चाललंय?”

“रेघ ओढतोय,” तो वरून म्हणाला.

मग शिडीवर बसूनच त्यानं मला सांगितलं. दोन दिवस बसून त्यानं प्रोग्रॅम लिहिला होता. कामगार गेटवर हजेरीचं कार्ड दाखवतो तेव्हा गेटचं यंत्र दवाखान्याच्या यंत्राला विचारणार, याची फुंकणीची तपासणी होऊन वर्ष उलटलं का? उलटलं असेल तर दिवा लागणार आणि पहारेकरी त्याला आधी सिस्टरांकडे पाठवणार.

“निम्मी माणसं तपासणीला जातच नाहीत. पाळी बुडेल म्हणून. आता जातील. म्हणजे खोटं काही नाही यात. गेटला खरंच दवाखाना लागणार.”

“पण आत्ता कशालाही हात लावायचा नाही, असं लेखी आलंय. देशिंगकर साहेबांच्या सहीनं.”

“आलंय.”

“नोकरी जाईल तुमची.”

“तुम्ही बंगल्यावर जा, मॅडम. तुम्ही काही बघितलं नाही.”

मी गेले नाही. भेंडोळं उचललं आणि त्याचे पीळ सोडवू लागले. तो पुन्हा पट्टीकडे वळला. नंतर नुसतं “ढील द्या” म्हणाला. मी ढील दिली. एकेका खांबावर तो शिडी सरकवत होता आणि खाली मी केबल सोडत होते. “ढील द्या.” “थांबा.” “आता ओढा जरा.” दीडशे-पावणेदोनशे फुटांचं अंतर होतं. आम्हाला तीन तास लागले. एवढ्या वेळात आम्ही याशिवाय दुसरं काहीही बोललो नाही, आणि आजही माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं मला तेच वाटतं.

एकच्या पुढे काम संपलं. टाइम ऑफिसच्या पायरीवर बसून त्यानं डबा उघडला. शाळूची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. भाकरी मोडून मोठा भाग त्यानं माझ्या हातावर ठेवला. बाहेर उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. कुठेतरी गुऱ्हाळ पेटलं असणार, रस उकळल्याचा वास येत होता. त्याच्या भुवईवर जाळं लागलं होतं. मी हात पुढे करून ते काढलं. त्यानं मान हलवली नाही. डोळे मिटून घेतले फक्त, माझा हात खाली येईपर्यंत.

“नकाशा झाला की तुम्ही जाणार,” तो म्हणाला.

“सोमवारी.”

“पुण्याला आलो तर भेटाल का?”

“या ना,” मी म्हटलं. पत्ता दिला नाही. अजून तीन दिवस होते, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी सकाळच्या पाळीला गेटवर दिवा पहिल्यांदा लागला. मी तिथे उभी राहून पाहिलं, खात्री करून घेतली आणि नकाशात रेघ काढली. फुली खोडली.

शनिवारी सकाळी माझं डोकं दुखत होतं म्हणून मी दवाखान्यात गोळी मागायला गेले. बाहेर बाकावर आठ-दहा कामगार तपासणीसाठी बसले होते. सिस्टर मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या, पन्नाशीच्या. त्या माझ्या हातावर गोळी ठेवून म्हणाल्या, “त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल.”

“काय?”

“त्याचे वडील इथंच होते, वाळूच्या कामाला. एक्कावन्नाव्या वर्षी गेले. शेवटी चार पावलं चालले की भिंत धरायचे. कंपनीच्या कागदावर लिहिलं, विड्या ओढायचे. माळकरी माणूस तो, आयुष्यात विडीला शिवला नाही. पण तसं दाखवायला एक चिटोरा नव्हता कुणाकडं. तेव्हा फुंकणीची नळी यायची होती.” त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. “निवास इथं लागला आणि पहिल्या वर्षी त्यानं हा प्रोग्रॅम लिहून दिला. त्याला सांगितलं नव्हतं कुणी.”

अकरा वाजता बैठक होती. मुजुमदार पुण्याहून जीपनं आले होते. देशिंगकर साहेबांच्या टेबलावर दोन्ही मसुदे शेजारी शेजारी पसरलेले. निवास भिंतीपाशी उभा होता, त्याला खुर्ची दिलेली नव्हती.

देशिंगकर वाईट माणूस नव्हते. नीट वाचणारे होते, आणि तेच अवघड झालं. त्यांचं बोट दोन्ही कागदांवरून एकदम फिरत आलं आणि थांबलं.

“ही रेघ पहिल्या मसुद्यात नव्हती. दवाखाना ते गेट.” त्यांनी चष्मा काढला. “जगदाळे, हे कधी केलंस?”

निवासनं पाठ सरळ केली. तो खरं सांगणार होता. मला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं.

“ती आधीपासून होती,” मी म्हटलं. “माझ्याकडून सुटली होती.”

खोलीत सगळे माझ्याकडे वळले.

“सुटली होती?” देशिंगकर म्हणाले.

“हो. केबल शेडच्या पत्र्याखालून गेलीय. मी तिथे पाहिलंच नाही. दुसऱ्या फेरीत लक्षात आलं.”

“आठ दिवस तुम्ही इथे होतात.”

“चूक माझी आहे.”

“मग बाकीच्या नकाशावर आम्ही भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा, सबनीसबाई?”

मला मुजुमदारांच्या चेहऱ्याकडे पाहायचा धीर झाला नाही. निवास माझ्याकडे बघत होता. तोंड अर्धवट उघडं, जणू कुणी त्याच्या हातातली जड वस्तू न विचारता काढून घेतली होती. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडीशी. बोलू नका. तो बोलला नाही.

अर्ध्या तासात निर्णय झाला. नकाशा पुन्हा पहिल्यापासून तपासायचा, त्यासाठी पुण्याहून दुसरा माणूस येणार. तोवर जगदाळेनं सगळी यंत्रं एकेक करून देशिंगकर साहेबांना स्वतः दाखवायची, लगेच. मी मुजुमदारांबरोबर परत जायचं. सोमवार उरलाच नाही. दोन वाजता जीप निघाली तेव्हा निवास ओतशाळेत होता. मी फाटकातून मागे वळून पाहिलं. सायकलींची शेड दिसली.

त्यानंतर मी त्याला पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, का? उत्तर साधं आहे. माझं नाव त्याच्या नावाशेजारी कुठेही दिसलं असतं तर कुणीतरी दोन आणि दोन चार केले असते, आणि ती केबल किती दिवसांची आहे हे कुणी जवळून पाहिलं असतं. नवीकोरी होती ती. दिवा नवा आहे हे गेटवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण वर जाऊन सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मी गप्प राहण्यात त्याची नोकरी होती, आणि त्या नऊशे माणसांचे आकडेही. एखादं वर्ष जाऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं. वर्ष गेलं तेव्हा वाटलं, आता फार उशीर झाला. पुढे माझं लग्न झालं. नवरा चांगला आहे, मुलगा कॉलेजात जातो. कागदावर काही लिहिताना पानावर धूळ दिसली की मी अजूनही क्षणभर थांबते. कशासाठी, ते घरात कुणाला माहीत नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“सबनीसबाई का? मी एस्तेर साळवे. कराडच्या कारखान्यातली सिस्टर.”

त्या आता सत्तरीच्या पुढे, मिरजेत भाचीकडे राहतात. भाचीनं शोधून माझा नंबर काढून दिला होता. आवाज थकलेला, पण तोच. त्यांनी मला सगळं सांगितलं. दवाखान्याचं यंत्र पुण्याला गेलं. दोन वर्षांनी सरकारी डॉक्टर तपासणीला आले तेव्हा कंपनीनंच आपल्या यंत्रणेतून आकडे काढून त्यांच्यापुढे ठेवले. नाही म्हणायला जागाच नव्हती. एकसष्ट माणसांना मिरजेला पाठवलं, घासणी विभागातून हलवलं, धूळ ओढून घेणारे पंखे बसले. “त्यातले चाळीसेक अजून हिंडतात-फिरतात,” सिस्टर म्हणाल्या. “कराडला गेले की रविवारी चर्चमधनं येताना एखादा भेटतो. मी विचारते, फुंकर कशी आहे रे?”

मी विचारलं नाही, तरी त्यांनी आपण होऊन सांगितलं. निवास बडोद्याला असतो. दोन मुली. थोरलीचं लग्न ठरलंय. त्यांनी नंबर दिला, तो मी लिहून घेतला.

“पण बाई, एक विचारू? म्हातारी झाले, आता विचारायला हरकत नाही. तेव्हा तुम्ही त्याला भेटला का नाही?”

“कधी?”

“तो आला होता की पुण्याला, तुमच्या हपिसात. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच वर्षी. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला आणि मंगळवारी गेला तो. माझ्याकडनंच सुट्टीची चिठ्ठी नेली होती, ताप आहे म्हणून. नवा शर्ट घातला होता.”

माझ्या हातातला फोन मी दुसऱ्या कानाला लावला.

“मला कुणी सांगितलं नाही, सिस्टर.”

“खाली टेबलापाशी पोरगी होती म्हणे. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, सबनीस मॅडम इथं नाहीत, त्या कराडला कारखान्यात असतात. हा म्हणाला, अहो, मी तिथूनच आलोय. ती म्हणाली, इथं तसंच लिहिलंय.” सिस्टर हसल्या, मग खोकल्या. “मला सांगताना तोही हसत होता. संध्याकाळी साडेपाचपर्यंत तिथल्या कोचावर बसून राहिला. वाटलं, कुणी सांगावं, येतील. मग एस्टी धरून परत आला. पुन्हा काही त्यानं तुमचं नाव काढलं नाही. मला वाटलं, तुम्हीच कळवलं असेल, नाही म्हणून सांगा.”

कारखान्यातल्या त्या चुकीनंतर मला वर्षभर बाहेरचं काम मिळालं नव्हतं. ऑफिसात बसून दुसऱ्यांचे नकाशे तपासायचे एवढंच. त्या वर्षी मी एकही रजा घेतली नाही. साडेपाचला कंपनीची बस मागच्या फाटकातून सुटायची. मी खिडकीशी बसायचे.

“बाई?” सिस्टर म्हणाल्या. “ऐकताय ना? तुम्ही होता कुठं तेव्हा?”

“वरच होते,” मी म्हटलं. “चौथ्या मजल्यावर.”